स्थानिक स्वराज्यातील संगणकसेवा

दहावीचा निकाल लागला म्हणजे पालक मंडळी मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी विचारपूस करावयास आमच्याकडे येतात. अलीकडे त्यांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : “सर, पोराला कॉम्प्युटरमध्ये घालायचंय.” मुलास पाळण्यात घालावे, शाळेत घालावे, त्याप्रमाणेच कॉम्प्युटरमध्ये घालावे, हा प्रयोग प्रथम कानी पडला तेव्हा आम्हांस हसू आले. परंतु त्या बोलण्यामागील तळमळ हसण्यासारखी नसते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुण्याजवळील हिंजवडीच्या काचेच्या इमारती असतात, बंगळूर असते, क्वचित् समुद्रापलीकडील एखादे शहर असते. हे चित्र खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. आमच्या शाळेचे कित्येक विद्यार्थी त्या वाटेने गेले व सुखी आहेत. तथापि संगणकविद्येची दुसरीही एक वाट आहे, आणि ती आपल्या गावातूनच, बाजारपेठ ओलांडून, नगरपरिषदेच्या जुन्या दगडी इमारतीकडे जाते. तिकडे कोणी सहसा पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस पाहावे लागले, म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या शाळेतील एका मुलीस एक शिष्यवृत्ती मिळण्याचा योग आला होता. अर्जासोबत जन्माचा दाखला जोडावयाचा होता. तिचा जन्म दुसऱ्या एका गावी झालेला, तेव्हा तिचे वडील तेथील नगरपरिषदेत गेले. खिडकीवरील कारकुनाने मुलीचे नाव विचारले, संगणकात घातले, आणि “नोंद नाही” असे सांगून पुढच्या माणसास हाक मारली. वडील रोजंदारीवर गवंडीकाम करणारे. कचेरीत एक दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. ते असे चार वेळा गेले आणि चारही वेळा तेच उत्तर घेऊन परत आले. येथे आमचाही एक अपराध सांगितला पाहिजे. आम्हांस वाटले की, यांनी जन्म नोंदविलाच नसेल. आणि तसे आम्ही त्यांस शाळेच्या व्हरांड्यात चारचौघांदेखत बोलूनही दाखविले. ते खाली मान घालून उभे राहिले. पाचव्या खेपेस आम्ही त्यांच्याबरोबर गेलो.

त्या दिवशी तो कारकून रजेवर होता आणि खिडकीवर नगरपरिषदेचा तरुण संगणक अभियंता बसला होता. त्यानेही नाव घालून पाहिले. नोंद निघाली नाही. परंतु “नोंद नाही” असे न म्हणता त्याने जन्मतारीख विचारली. तारीख घालताच त्या दिवशी नोंदलेल्या सर्व जन्मांची यादी पडद्यावर आली, आणि वडिलांनी तिच्यातील एका ओळीवर बोट ठेवले. मुलीचे नाव, आईचे नाव, आडनाव, सर्व काही जसेच्या तसे होते!

मग नावाने शोधता ते का सापडले नाही? अभियंत्याने थोडा वेळ पडद्याकडे टक लावून पाहिले व तो हसला. मुलीच्या नावाचा आरंभ ‘ॲ’ या अक्षराने होतो. आता बालवाचकांनी येथे थोडे लक्ष द्यावे. संगणकास अक्षर म्हणून काही कळत नाही; त्यास केवळ अंक कळतात. म्हणून जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांस एकेक क्रमांक ठरवून देण्यात आला आहे. या पद्धतीस युनिकोड म्हणतात. तीत ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे आणि डोक्यावरील अर्धचंद्राचा २३७३. ‘ॲ’ या संपूर्ण अक्षरास मात्र स्वतःचा क्रमांक नव्हता. तो, म्हणजे २४१८, त्यास इ. स. २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी टंकलेखक आधी ‘अ’ उमटवीत व मग त्यावर अर्धचंद्र चढवीत; आणि पुष्कळांच्या बोटांस तीच सवय राहिल्यामुळे पुढेही कित्येक वर्षे तसेच चालले. दोन्ही रीतींनी उमटलेले अक्षर कागदावर सारखेच दिसते. मनुष्याच्या डोळ्यास त्यांत भेद करता येत नाही. परंतु संगणकाच्या लेखी एकीकडे २३०९ व २३७३ असे दोन अंक आहेत आणि दुसरीकडे २४१८ हा एकच. जुन्या कारकुनाने मुलीचे नाव पहिल्या रीतीने लिहून ठेवले होते व नवा कारकून ते दुसऱ्या रीतीने शोधीत होता. यंत्र आपल्या परीने खरेच बोलत होते : असे नाव येथे नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत ॲना, ॲलिस, ॲग्नेस अशी नावे काही थोडी नाहीत. त्या एका अक्षरामागे आणखी किती जण दडून बसले असतील, असा विचार आमच्या मनात आला. अभियंत्याच्या मनात तो आमच्या आधीच आला होता. त्याने त्या अक्षराच्या सर्व जुन्या नोंदी वेगळ्या काढल्या, प्रोग्रॅम पुरविणाऱ्या कंपनीस पत्र लिहिले, आणि दुरुस्ती येईपर्यंत खिडकीच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटविला : नाव न सापडल्यास तारखेने शोधावे.

दाखला त्याच दुपारी हाती पडला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच्या दोन दिवस आधी संपली होती. आम्ही विनंतीपत्र लिहिले. नियमाप्रमाणे आता काही करता येत नाही, असे उत्तर आले. मुलगी सध्या पॉलिटेक्निकात शिकत आहे आणि तिची फी वडिलांनी कर्ज काढून भरली आहे. आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा “राहू द्या, सर,” एवढेच ते बोलले.

या प्रसंगानंतर आम्ही त्या अभियंत्याच्या कचेरीत तीन-चार वेळा जाऊन बसलो व त्याचे काम पाहिले. पुढील माहिती काही तेथे मिळाली, काही कायद्याच्या पुस्तकांतून घेतली आहे.

प्रथम जन्माच्या नोंदीविषयीच सांगतो; कारण या पेशाचे मर्म तीत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. आपल्या देशात जन्म व मृत्यू नोंदविण्याचा कायदा इ. स. १९६९ चा आहे. बालक जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत वर्दी दिली पाहिजे. नाव ठरले नसल्यास ते मागाहून भरता येते. या कायद्याचे १५ वे कलम आम्हांस फार आवडले. नोंदीत चूक आढळल्यास निबंधकाने ती दुरुस्त करावी. परंतु मूळ अक्षरास हात लावू नये. समासात दुरुस्ती लिहावी, तिच्याखाली सही करावी आणि तारीख घालावी, असे ते कलम सांगते. खोडणे नाही, खरडणे नाही, पान फाडणे नाही. चूक कोणती होती, ती कोणी केव्हा सुधारली, हे शंभर वर्षांनीही पाहणाऱ्यास दिसले पाहिजे. आपल्या मंदिरातील बाप्तिस्म्यांचे जुने पुस्तक ज्यांनी पाहिले असेल त्यांस ही शिस्त परिचयाची वाटेल.

कागदावर ही शिस्त पाळणे सोपे होते, कारण कागदावर खोडलेले दिसतेच. संगणकावर खोडलेले दिसत नाही. जुने अक्षर पुसून नवे लिहिले तर मागे डाग राहत नाही. म्हणून नोंदींचा सांभाळ करणारा संगणकज्ञ अशी योजना करतो की, प्रत्येक फेरफाराबरोबर करणाराचे नाव, दिवस, वेळ व पूर्वीची अक्षरे आपोआप दुसऱ्या ठिकाणी टिपली जावीत, आणि ते टिपण खुद्द त्यासही पुसता येऊ नये. कायद्यातील समास त्याने अशा रीतीने संगणकात आणलेला असतो. ही योजना जेथे नीट असते तेथे लबाडीस वाव राहत नाही; जेथे नसते तेथे काय होऊ शकेल याची कल्पना पालकांनीच करावी. आणि दाखल्याचे महत्त्व तर आता वाढले आहे. इ. स. २०२३ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुढे जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, सरकारी नेमणूक इत्यादी प्रसंगी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हा दाखलाच दाखवावा लागणार आहे.

लूककृत शुभवर्तमानात औगुस्त कैसराच्या आज्ञेने झालेल्या नावनिशीची हकीकत आपण दर नाताळास ऐकतो. योसेफास नाव लिहवून घेण्यासाठी नासरेथाहून बेथलेहेमापर्यंत जावे लागले होते. आता नोंदच माणसाकडे चालत येते, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. ते बव्हंशी खरे आहे. परंतु त्या गवंड्यास पाच वेळा बेथलेहेमास जावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

असो. स्थानिक स्वराज्य म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहेच. त्याची पुनरुक्ती करीत नाही. इ. स. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांस घटनेत स्थान मिळाले, आणि बाराव्या परिशिष्टात शहरांच्या संस्थांकडे सोपविता येण्याजोगी १८ कामे सांगितली आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. नगररचना, रस्ते, पाणी, अग्निशमन, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी : मनुष्याच्या पहिल्या श्वासापासून शेवटच्या विसाव्यापर्यंतची ही यादी आहे. आपल्या राज्यात आज २९ महानगरपालिका, साडेतीनशेहून अधिक नगरपरिषदा व नगरपंचायती, ३४ जिल्हा परिषदा आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. कोणी नगरपालिकेच्या कामास हलके समजू नये. महात्मा जोतीराव फुले, ज्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, ते इ. स. १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

पूर्वी या संस्थांच्या तिजोरीत पैसा मुख्यतः जकातीने येई. मत्तय हा जकातदार होता हे मुलांस ठाऊक आहेच. पण जकातनाका मात्र आजच्या मुलांपैकी कोणी पाहिला नसेल. नगरपरिषदांची जकात इ. स. १९९९ मध्ये बंद झाली. महानगरपालिकांची टप्प्याटप्प्याने गेली. आणि मुंबईची १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. आता घरपट्टी व पाणीपट्टी हीच स्वतःच्या उत्पन्नाची मोठी साधने उरली आहेत. नाक्यावरील शिपायास ट्रक दिसे. घर मात्र जागेवरून हलत नाही, आणि ते कागदावर नसेल तर नगरपरिषदेस दिसतही नाही. म्हणून शहराचा नकाशा संगणकात आणून प्रत्येक इमारतीस त्यावर क्रमांक देणे आणि तो क्रमांक करआकारणीच्या नोंदीशी जोडणे, हे मोठे काम आज ठिकठिकाणी चालले आहे. खेड्यांतही तसेच. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करण्याचा प्रयोग प्रथम झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना काढून तीच रीत देशभर नेली. ज्या म्हातारीच्या चार भिंतींस पिढ्यान् पिढ्या कागद नव्हता तिला त्यामुळे कागद मिळतो. अर्थात् ड्रोनने रेषा काढली म्हणून शेजाऱ्याशी असलेला बांधाचा तंटा मिटत नाही. तेथे मनुष्यानेच जाऊन दोघांचे म्हणणे ऐकावे लागते.

शहरांच्या बाबतीत आपल्या राज्यात या कामाचा पाया घालण्याचे श्रेय कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेस द्यावे लागेल. या शतकाच्या आरंभीच तिने आपले खातेवार कारभार संगणकावर एकत्र गुंफले आणि नागरिकांसाठी एकच सुविधा केंद्र उघडले. पूर्वी नागरिक एका टेबलाकडून दुसऱ्याकडे फिरत असे. आता त्याने एका खिडकीत अर्ज द्यावा आणि टेबलांवरून फिरण्याचे काम अर्जाने करावे, अशी ती कल्पना. पुढे राज्य सरकारने तो नमुना इतर शहरांसाठीही घेतला. ग्रामपंचायतींत इ. स. २०११ मध्ये ‘संग्राम’ नावाची योजना आली, आणि २०१६ पासून तिची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. ग्रामपंचायतीचा सर्व हिशेब व दप्तर १ ते ३३ अशा क्रमांकांच्या नमुन्यांत ठेवलेले असते. त्यांपैकी नमुना ८ म्हणजे करआकारणीची नोंदवही. घराचा उतारा म्हणून आपण जो कागद आणतो तो तिच्यातूनच निघतो. संगणक परिचालक हा या तेहतीस वह्यांचा नवा लेखक होय.

यावर कोणी म्हणेल, हे तर कारकुनाचेच काम झाले. यात विद्या ती कोणती? आमचाही असाच समज होता. तो त्या अभियंत्याच्या टेबलापाशी बसल्यावर गेला. सकाळी दहा वाजता वसुली विभागाचे जाळे बंद पडले म्हणून तो शिडी घेऊन माळ्यावर चढला. उंदराने तार कुरतडली होती. साडेअकरास पाणीपुरवठ्याचे लोक आले. टाकीतील पातळी दाखविणारे उपकरण रात्रभर एकच आकडा दाखवीत होते. म्हणजे टाकी स्थिर नव्हती, उपकरण मेले होते. (मलकापूर या कऱ्हाडनजीकच्या गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची व्यवस्था केली, ती अशाच उपकरणांच्या व हिशेबाच्या नेटकेपणावर.) दुपारी लेखापालास वर्षाचा मेळ घालून हवा होता. मध्येच एका वृद्धाने येऊन विचारले की, मोबाइलवरून भरलेली घरपट्टी जमा दिसत नाही, ती गेली कोठे. पैसा बँकेतून निघाला होता, पण पावती होण्यापूर्वी वीज गेली होती. अभियंत्याने त्या व्यवहाराचा क्रमांक शोधून काढला, पावती दिली, आणि पुढे असे होऊ नये म्हणून रोज रात्री बँकेची यादी व आपली यादी आपोआप ताडून पाहणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. एका दिवसात शिडी, पाणी, जमाखर्च व प्रोग्रॅम! मोठ्या कंपनीत यांतील प्रत्येक कामास स्वतंत्र मनुष्य असतो. नगरपरिषदेत तो एकटा असतो, आणि ज्याच्यासाठी काम करावयाचे तो समोर उभा असतो.

हे काम बंद पडले तर काय होते, याचे एक उदाहरण परदेशातील सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या नगर-शासनाच्या संगणकांवर २२ मार्च २०१८ रोजी चोरट्यांनी हल्ला केला. त्यांनी घरातून काही नेले नाही. आतल्या कपाटांस आपली कुलुपे लावली आणि किल्लीसाठी सुमारे ५१ हजार डॉलर मागितले. शहराने खंडणी दिली नाही. परंतु लोकांस पाण्याचे बिल भरता येईना, न्यायालयाचे कामकाज अडले, पोलिसांस हाताने अहवाल लिहावे लागले, आणि पोलीस गाड्यांतील कॅमेऱ्यांनी टिपलेली कित्येक वर्षांची चित्रे कायमची गेली. पूर्ववत् होण्यास खंडणीच्या कैक पट खर्च आला. अशा प्रसंगी तारण्यास एकच उपाय असतो : सर्व दप्तराची वेगळी प्रत दूर ठेवलेली असणे, आणि ती प्रत उघडते की नाही हे मधूनमधून पाहिलेले असणे. यांतील दुसरा भाग आळसाने राहतो. आमच्या परिचयाच्या त्या अभियंत्याने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कालच्या प्रतीतून एक जुना दाखला काढून पाहण्याचा नेम ठेविला आहे. नागरिकांची खाजगी माहिती जपण्याविषयी इ. स. २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला असल्याने ही जबाबदारी आता केवळ सज्जनपणावर सोडलेली नाही.

महामारीच्या वर्षी या खात्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. इ. स. २०२० मध्ये मुंबई महानगरपालिकेने आपल्या २४ विभागांत प्रत्येकी एक नियंत्रण-कक्ष उघडला, आणि कोणत्या रुग्णास कोणत्या इस्पितळात खाट मिळावी हे तेथून ठरू लागले. त्या वेळी एखाद्या इस्पितळाने रिकामी खाट एक तास उशिरा नोंदविली तर त्याचा अर्थ काय होत असेल, हे लिहून सांगण्याचे कारण नाही.

आता विद्यार्थ्यांनी ज्यासाठी हा लेख इथवर वाचला त्या भागाकडे वळू. नगरपरिषदांत राज्य संवर्गातील जी पदे असतात त्यांस ‘महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवा’ म्हणतात. स्थापत्य, विद्युत, लेखा, करनिर्धारण इत्यादी शाखांप्रमाणेच तीत संगणक अभियांत्रिकीची एक शाखा आहे. इ. स. २०२३ मध्ये या सेवेतील १,७८२ पदांची जाहिरात निघाली, तीत संगणक अभियंत्याची पदे ४५ होती. आकडा लहान आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण ही एकच वाट नव्हे. महानगरपालिका आपली स्वतंत्र भरती करतात. आणि केंद्र सरकारची इ. स. १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत काम करते. अभियंत्याच्या पदास बहुधा संगणकशाखेची पदवी लागते. दहावीनंतर पॉलिटेक्निकात तीन वर्षांची पदविका घेऊन तेथून पदवीस जाता येते, अथवा बारावी विज्ञानानंतर सरळ जाता येते. ज्यांस तितके शिकणे शक्य नाही त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणक-चालकाचा अभ्यासक्रम पाहावा. लिपिकाच्या पदास एम्. एस्.-सी. आय्. टी. आणि टंकलेखनाचे प्रमाणपत्र, मराठीचे मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४०, असे मागतात. वयाच्या व पात्रतेच्या अटी प्रत्येक जाहिरातीत स्वतंत्र असतात. त्या मूळ जाहिरातीतच वाचाव्यात. कोणी ‘ओळखीने’ जागा लावून देतो म्हणून पैसे मागू लागला तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

एका विषयाविषयी मात्र आग्रहाने लिहितो, आणि तो गणित नव्हे. तो मराठी होय. खाजगी कंपनीत मराठीवाचून अडत नाही. येथे पदोपदी अडते. लोकांची नावे, गावांची नावे, अर्ज, ठराव, सर्व मराठीत. ‘साळवे’ यातील ळ गेला की मनुष्य दुसरा होतो. जुनी दप्तरे तर मोडी लिपीत आहेत. इ. स. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी टंचाई भासली हे वर्तमानपत्रांतून आलेच होते. संगणक आणि मोडी दोन्ही जाणणारा तरुण आज दिवा घेऊन शोधावा लागेल. जो शोधावा लागतो त्याच्या भाकरीची चिंता नसते.

या पेशातील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. नाही तर उद्या पालक आमच्या दारी येऊन बोल लावतील आणि तो रास्त असेल. पहिली अशी की, कायम पदे थोडी आणि कंत्राटी माणसे पुष्कळ. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक आपणांस कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा व मानधन वेळेवर मिळावे म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने करीत आले आहेत. जो मनुष्य गावाच्या तेहतीस वह्या सांभाळतो त्याच्या स्वतःच्या घरचा जमाखर्च जुळू नये, ही आम्हांस लाजिरवाणी गोष्ट वाटते. कंत्राटी जागा अनुभवासाठी दोन वर्षे धरावी, परंतु तिच्यावर संसार उभारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरी अडचण पगाराची. हुशार प्रोग्रॅमरास खाजगी क्षेत्रात दहा वर्षांनी जे मिळेल ते येथे मिळणार नाही, आणि बढत्याही सावकाश मिळतात. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. विद्या फार वेगाने बदलते आणि कचेरी सावकाश. जो स्वतः शिकत राहणार नाही तो पाच वर्षांत आपल्या जुन्या यंत्राबरोबरच जुना होतो. शिवाय कधी कधी एखादी नोंद “जरा मागच्या तारखेची” करून देण्याविषयी वरून सूचना येते. तेव्हा काय करावे, असे आम्ही त्या अभियंत्यास विचारले. “मी सांगतो, करता येईल, पण कोणी सांगितली तेही समासात येईल,” असे तो म्हणाला. बहुधा सूचना तेथेच परत जाते.

लोकांच्या हाती मात्र आता एक साधन आहे. इ. स. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करता येते. कारण नसता उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणती सेवा किती दिवसांत मिळावी याचा फलक कचेरीत लावलेला असतो. तो पालकांनी वाचावा. आम्ही त्या चार खेपांत तो वाचला असता तर अर्ज लेखी दिला असता, त्याची पोच घेतली असती, आणि “नोंद नाही” हे उत्तरही लेखी मागितले असते. लेखी उत्तर देण्यापूर्वी कोणीतरी कागदाची वही नक्कीच उघडून पाहिली असती.

त्या नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी आमच्या विनंतीस मान देऊन, शाळा उघडल्यावर जून महिन्यात नववी व दहावीच्या वीस विद्यार्थ्यांस एक दिवस कचेरी दाखविण्याचे कबूल केले आहे. दप्तरखोलीतील जुन्या जन्मवह्या, संगणकाची खोली व पाण्याच्या टाकीवरील उपकरण असे तिन्ही पाहावयास मिळेल. येण्या-जाण्याचे भाडे ज्याचे त्याने द्यावयाचे. डबा बरोबर आणावा. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आपले संपूर्ण नाव, वडिलांच्या व आईच्या नावासह, स्वच्छ देवनागरी अक्षरांत लिहून आमच्याकडे द्यावे. ज्यांच्या नावात ‘ॲ’ असेल त्यांची नावे त्या दिवशी दोन्ही रीतींनी शोधून पाहण्याचे अभियंत्याने मान्य केले आहे.